निळ्याची हिरवी होताना

आज प्रयोगशाळेत पॉलिॲनिलीनची, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या एका पॉलिमरची, निळी फिल्म मी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या विरल द्रावणात सोडली आणि कडेपासून मध्याकडे ती हिरवी होत गेलेली डोळे भरून पाहिली. सकाळी याच फिल्ममधून मोजता येईल इतकाही प्रवाह जात नव्हता. संध्याकाळी, ती नीट वाळवून पुन्हा वाहकता मोजणाऱ्या चार टोकांच्या प्रोबखाली ठेवली, तेव्हा आकडा स्थिर आला.

१९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या दुसऱ्या पॉलिमरला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता लक्षावधी पटींनी वाढवली, आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिथे आयोडीन साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पॉलिॲनिलीनमध्ये मात्र आम्लाचा प्रोटॉन नायट्रोजनला येऊन जोडला जातो, साखळीतील इलेक्ट्रॉनांची संख्या तेवढीच राहते, केवळ त्यांची मांडणी बदलते आणि धनप्रभाराला सरकायला वाट मिळते. डोपिंगच्या, म्हणजे बाहेरून काही देऊन पदार्थाला वाहक बनवण्याच्या, साऱ्या प्रकारांत मला हाच सर्वांत सुंदर वाटतो.

जाता जाता फिल्मचा एक कोपरा अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरला. अमोनियाने तोच प्रोटॉन काढून घेतला आणि तेवढा कोपरा पुन्हा निळा झाला.