एक दावा, दोन पॉलिसी: वकिलाचं बिल कोण भरणार?

रबाळ्याच्या एमआयडीसीत शेडचं काम चालू असताना पत्रा पडून कुरिअरवाला जखमी झाला आणि ठाण्याच्या कोर्टातून कारखान्याला समन्स आलं, तर पॉलिसी बरेचदा दोन निघतात: कारखान्याची स्वतःची लायबिलिटी पॉलिसी (तिसऱ्या माणसाच्या नुकसानभरपाईचा विमा) आणि ठेकेदाराची, जिच्यात कारखान्याचंही नाव घातलेलं असतं. मग दोन्ही विमा कंपन्या 'अदर इन्शुरन्स' कलम (त्याच नुकसानीचा दुसरा विमा असेल तर आपला वाटा मर्यादित करणारं) पुढे करून एकमेकींकडे बोट दाखवतात. कोर्ट त्यासाठी थांबत नाही. लेखी जबाब 30 दिवसांत द्यायचा असतो.

म्हणून समन्स आणि वादपत्राची प्रत दोघींनाही त्याच दिवशी ईमेल करा. आपल्याकडच्या पॉलिसींत बचाव हाती घ्यायचा की नाही हे सहसा कंपनी ठरवते, आणि तिच्या लेखी संमतीआधी झालेली फी नंतर क्लेममधून कापली जाते.

वाटणीचं खरं भांडण प्रमाणावरून होतं. समजा दोन पॉलिसींच्या मर्यादा 50 लाख आणि 2 कोटी, बचावाचा खर्च 6 लाख. मर्यादेच्या प्रमाणात वाटले तर 1.20 आणि 4.80 लाख. पण दावाच 20 लाखांचा असेल, तर तो एकटीने भरायलाही दोघी सारख्याच बांधील, म्हणून 3-3 लाख. इंग्लंडच्या अपील कोर्टाने 1977 मध्ये, 10 हजार आणि 1 लाख पौंड मर्यादांच्या दोन लायबिलिटी पॉलिसींच्या वादात, ही दुसरी पद्धत उचलून धरली. मलाही तीच न्याय्य वाटते.

मात्र यात कारखानदाराने गप्प बसू नये. छोट्या पॉलिसीत बचावखर्च मर्यादेच्या आतच धरलेला असेल, तर तिचे 3 लाख गेले की भरपाईसाठी 47 लाखच उरतात. एओए-एओवाय 1:1, म्हणजे एका अपघाताची आणि अख्ख्या वर्षाची मर्यादा सारखीच असेल, तर वर्षभरासाठी.

तेव्हा दोघींकडून हक्क राखून तात्पुरतं पत्र घ्या: सध्या निम्मं-निम्मं, अंतिम प्रमाण नंतर. त्यातच वकिलाची फी, बिल मंजुरीची मुदत आणि एक्सेस (क्लेममधला आपण स्वतः सोसायचा भाग) एकदाच कापला जाईल, हेही लिहून घ्या. वकिलाच्या फीवर रिव्हर्स चार्जने (वकिलाऐवजी आपणच) भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल, तर तेवढी रक्कम क्लेममध्ये धरू नका.

खर्च वाचवायला दोघांसाठी एकच वकील द्या, असं कंपन्या सुचवतील. कारखाना आणि ठेकेदार यांचं म्हणणं एकच असेल तरच हो म्हणा. पत्रा कुणी सैल ठेवला यावर वाद असेल, तर दोन वकीलपत्रं हवीतच.