जलरंगाचं सामान: किती लागतं आणि काय आधी खराब होतं

सेल लागला की चोवीस ट्यूबांचा बॉक्स, कागदाची तीन पॅड आणि सात-आठ ब्रश एकदमच घेतले जातात. फक्त रविवारी रंगवणाऱ्याच्या घरी यातलं बरंचसं वापरण्याआधीच खराब होतं.

पहिला नंबर कागदाचा. पाणी लगेच आत शिरू नये म्हणून जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा तसंच काही लावलेलं असतं, त्याला साइझिंग म्हणतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते हळूहळू निकामी होतं. वरून कागद कोरा करकरीत दिसतो, पण आकाशाचा सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात. तिथे रंग थेट तंतूंत शिरलेला असतो आणि ओल्या ब्रशने कितीही उचलला तरी निघत नाही. म्हणून जुना कागद काढला की आधी दोन बोटं रुंदीची पट्टी कापून तिच्यावर फिकट निळा वॉश देऊन बघा. ठिपके आले तर दुसरी बाजू तपासा. तीही गेली असेल तर तो कागद टाकू नका, गुआश (अपारदर्शक जलरंग), कोळसा किंवा पेस्टलला उत्तम चालतो.

आता हिशोब. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) इम्पिरियल ताव २२ × ३० इंचांचा असतो, त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. आठवड्याला एक चित्र धरलं तर तीन महिन्यांना दोन ताव, सराव धरून चार. यापेक्षा जास्त साठा करायचाच असेल तर पावसाळा उलटल्यावर करा. जूनआधी उरलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद करून आडवे ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

रंगांच्या बाबतीत ट्यूबच्या मागे छापलेला पिगमेंट कोड, म्हणजे आतलं रंगद्रव्य सांगणारी अक्षरं-आकडे, वाचायची सवय लावा. पैसे खरे इथे वाचतात. सॅप ग्रीनवर बहुतेक वेळा पीजी ७ आणि एखाद्या पिवळ्याचा कोड असतो, म्हणजे ते मिश्रण आहे, पॅलेटवर तुम्हालाही जमतं. पेन्स ग्रे या निळसर करड्याचंही तेच. अल्ट्रामरिन (पीबी २९) आणि बर्न्ट सिएना मिसळून त्याहून जिवंत करडा मिळतो, आणि प्रमाण बदललं की तो हवा तसा निळसर किंवा तपकिरी होतो. एक लेमन यलो, एक उबदार पिवळा, क्विनॅक्रिडोन रोझ (पीव्ही १९), अल्ट्रामरिन, थॅलो ब्लू (पीबी १५) आणि बर्न्ट सिएना, या सहा ट्यूबांत निसर्गचित्राचं जवळपास सगळं निभतं. अलिझरीन क्रिमसनवर पीआर ८३ असेल तर घेऊ नका, तो उजेडात उडतो.

५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन अर्धे पॅन (रंग भरायच्या छोट्या डब्या) सहज भरतात. थॅलो इतका तीव्र असतो की लहान ट्यूबच घ्यावी, अल्ट्रामरिन मात्र भराभर संपतो. झाकण अडकलं तर पक्कडीने पिळू नका, ट्यूबची मान फाटते. फक्त झाकण मिनिटभर गरम पाण्यात धरा. आत रंग वाळला असेल तर ट्यूब उभी कापा, खडे पॅनमध्ये घालून वर पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. रंगातला डिंक पुन्हा विरघळतो, त्यामुळे रंग वाया जात नाही. अ‍ॅक्रिलिकला हे लागू नाही, ते वाळलं की प्लास्टिक झालं. पावसाळ्यात ओला पॅलेट बंद केला तर रंगांवर बुरशी धरते, तेव्हा रात्रभर उघडा ठेवून मगच मिटा.

ब्रश तीन पुरेत: ६ आणि १० नंबरचे गोल, एक इंची चपटा. न वापरता पडलेल्या सेबल किंवा खारीच्या केसांच्या ब्रशला कसर लागते. सिंथेटिकला ती भीती नाही.

मास्किंग फ्लुइडची (कागदाचा भाग पांढरा राखायला लावायच्या द्रवाची) बाटली दुकानातली सर्वांत लहान घ्या आणि उघडल्याची तारीख वर लिहा. ते रबराचं असतं, अर्धी बाटली वापरून होईतो उरलेल्याच्या गुठळ्या होतात. हलवलं की त्या लवकर होतात, म्हणून वापरण्याआधी काडीने हळूच ढवळायचं. ते लावायचा ब्रश आधी साबणात बुडवून घ्यायचा, आणि तोही जुनाच.