एका रकान्यापायी सहा आठवडे : सुरक्षित रँडम आकड्यांचा माझा अनुभव

गोरेगावच्या आमच्या कार्यालयातून ग्राहक कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे पाठवलेला अर्ज तीन वेळा परत आला. तिन्ही वेळा कारण एकच होते : ‘डेव्ह-यूरँडम वापरता का?’ या रकान्यात आम्ही खरे ते, म्हणजे ‘होय’, लिहिले होते. डेव्ह-यूरँडम म्हणजे लिनक्समधला, न थांबता रँडम आकडे देणारा स्रोत; त्यांच्या नियमात तो बसत नव्हता. सेवा ओटीपी तयार करणारी होती. त्या एका रकान्यात सहा आठवडे गेले आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मूळ चूक आमचीच होती. जुना कोड जावाच्या साध्या ‘रँडम’ क्लासवर चालत होता आणि सेवा सुरू झाल्याची मिलिसेकंदांतली वेळ त्याला सीड, म्हणजे ज्यापासून पुढचे सगळे आकडे निघतात ती सुरुवातीची संख्या, म्हणून दिली होती. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात. त्यामुळे सेवा कोणत्या मिनिटाला सुरू झाली हे ज्याला कळेल, त्याने तेवढे सीड स्वतःच्या मोबाइलवर आलेल्या चार-पाच ओटीपींशी ताडून पाहिले की पुढचे ओटीपी त्याला आधीच कळतील. मी ते लॅपटॉपवर करून पाहिले आणि समोरचा चहा निवण्याआधीच नेमके सीड सापडले, तेव्हा पोटात गोळा आला. त्याजागी जावाचाच ‘सिक्युअररँडम’ हा सुरक्षित क्लास आणणे हे एका दुपारचे काम होते. तो आकडे यूरँडममधून घेतो, म्हणून अर्जात ‘होय’.

पहिला अर्ज परत आल्यावर वाद नको म्हणून आम्ही यूरँडमऐवजी डेव्ह-रँडम या लिनक्सच्या दुसऱ्या स्रोतातून आकडे घेणारी ‘गेट-इन्स्टन्स-स्ट्राँग’ ही पद्धत वापरली आणि चाचणी सर्व्हरवर सेवा उभीच राहीना. एरर नाही, लॉगमध्ये नवी ओळ नाही. रात्री साडेदहाला थ्रेड डंप, म्हणजे प्रोग्रॅम कुठे अडकला आहे ते दाखवणारी नोंद, काढला, तर मुख्य थ्रेड फाइल वाचण्याच्या ‘रीड-बाइट्स’ या ओळीवर थांबलेला दिसला आणि त्याच्या खाली ‘नेटिव्ह-पीआरएनजी-ब्लॉकिंग’, म्हणजे डेव्ह-रँडम वाचणारा प्रकार, होता. कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, शिल्लक असलेल्या एन्ट्रॉपीचा (गोळा केलेल्या अनिश्चिततेचा) आकडा पाहिला : ३७. तो हळूहळू चढे, ६४ च्या आसपास पोहोचला की पुन्हा खाली येई. व्हर्च्युअल मशीनला अनिश्चितता पुरवायला ना कीबोर्ड, ना माउस, कर्नल ३.१० मालिकेतला. त्या काळचे डेव्ह-रँडम प्रत्येक वाचनागणिक शिल्लक वजा करते आणि ती संपली की वाचणाऱ्याला थांबवते. वास्तविक पूल, म्हणजे कर्नलचा हा साठा, एकदा पुरेशा एन्ट्रॉपीने भरला की त्यातून निघणारे आकडे वापराने कमकुवत होत नाहीत; प्रश्न असतो तो मशीन नुकतेच सुरू झालेले असतानाचा, पूल भरण्याआधीच्या वाचनाचा. लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये, एकदा पूल भरल्यावर थांबण्याची ही पद्धत काढूनच टाकली गेली.

हे सगळे थ्रेड डंपसह दुसऱ्या अर्जाला जोडले. अर्ज परत. तिसऱ्याला लिनक्सच्या मॅन्युअलमधले पान जोडले. त्यात डेव्ह-रँडमला जुनाट म्हटले आहे आणि मशीन सुरू होतानाचा काळ वगळता यूरँडम पुरेसे मानले आहे. तोही परत, आणि शेरा एका शब्दाचा : ‘नियमबाह्य’. जोडपत्र उघडून न पाहताच अर्ज परत पाठवण्याची ही रीत मला आजही पटत नाही. असा अर्ज करणाऱ्याला माझा सल्ला आहे की पहिला नकार येताच फोन करून समोरासमोर भेटीची वेळ मागावी. मी ते पाचव्या आठवड्यात केले. भेटीत त्यांच्या अधिकारी बाईंनी डंप ओळ न् ओळ वाचला, आणि ‘पहिल्या वाचनाआधी पूल भरल्याची खात्री कशी करता?’ हा खरा प्रश्न त्यांनीच विचारला.

त्याचे उत्तर तयार होते. डेटा सेंटरकडून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला होस्टचे, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरचे, व्हर्टिओ-आरएनजी हे एन्ट्रॉपी पुरवणारे उपकरण जोडून घेतले आणि कोडमध्ये साधे ‘न्यू सिक्युअररँडम’ ठेवले. इथे एक सांगायचे राहिले : त्यावर स्वतः ‘सेट-सीड’ करू नये. ‘सिक्युअररँडम’च्या ‘शा-वन-पीआरएनजी’ प्रकारात पहिले आकडे घेण्याआधी वेळ सीड म्हणून दिली, तर तेवढेच सीड उरते आणि आमची जुनी चूक नव्या क्लासमध्ये परत येते. तसेच, एका मशीनच्या प्रतिमेवरून (इमेजवरून) अनेक मशीन काढायची असतील तर सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीने, साठवलेली ‘रँडम-सीड’ फाइल त्या प्रतिमेतून आधी पुसावी, नाहीतर तीच फाइल सगळ्या मशीनांत जाते.

चौथा अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. त्या शुक्रवारी रात्री सर्व्हर रीस्टार्ट केला, चार सेकंदांत सेवा उभी राहिली, आणि पहिला ओटीपी मी माझ्याच मोबाइलवर मागवला.