पद्मिनीचं वायरिंग: हेडलाइटचे रिले बसले, फॉग लॅम्प अजून बाकी

गेले तीन शनिवार फियाटच्या, म्हणजे माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या, बोनेटखाली गेले. गाडी 1986ची, 1089 सीसी, डायनमो काढून आधीच्या मालकाने 35 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र) बसवलेला. मला पावसाळ्यात ताम्हिणीतून रात्री जायचं असतं, म्हणून फॉग लॅम्प हवे होते. पण त्याआधी जुनं वायरिंग उघडून बघितलं, हे फार बरं झालं.

डिपरच्या (हाय-लो बीम बदलणाऱ्या स्विचच्या) मागचा कनेक्टर हातात आला तोच तपकिरी होऊन. प्लास्टिक पाघळलं होतं, लाल वायरचं आवरण बोटभर कडक होऊन तडकलं होतं, नखाने टोचलं तर पापुद्रे निघाले. कारण लगेच सापडलं. कोणीतरी हेडलाइटला 100/90 वॅटचे (हाय बीम/लो बीम) बल्ब घातले होते. हाय बीमला दोन्ही मिळून सतरा अँपिअरच्या आसपास, आणि आपल्या पद्मिनीत हा सगळा करंट थेट स्विच आणि डिपरमधून जातो. मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नाहीच.

बल्ब आधी 60/55चे केले. मग मोजमाप. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर, दिवे चालू. यात वाटेत हरवलेलं व्होल्टेज सरळ दिसतं. माझ्याकडे 1.9 व्होल्ट आलं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, तेव्हा मोठ्या बल्बांची गरज का वाटली असेल ते कळतं.

दोन रिले नाना पेठेतून आणले, एक हायला, एक लोला. जुनी डिपरची वायर आता फक्त 86 नंबरच्या पिनला जाते, 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. 30ला बॅटरीकडून 4 स्क्वेअर एमएमची वायर, 87वरून दिव्यांकडे 2.5ची. मूळ हार्नेस (वायरांचा जुडगा) कुठेही कापलेला नाही. जुन्याच होल्डरमध्ये बसतील अशा पिना लावल्या, उद्या सगळं काढलं तरी गाडी कंपनीतून आली तशी होईल. यावर मी ठाम आहे.

फ्यूजबद्दल मात्र कळकळीने सांगतो. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा. दिव्याजवळ लावलात तर मधली दीड मीटर वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय राहते, आणि ती कुठे बॉडीला घासली तर बॅटरी पूर्ण ताकदीने तिच्यातून वाहते. माझा 30 अँपिअरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे. पुढे डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे 10चे, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाते तिथे ग्रॉमेट, म्हणजे रबरी कडं. थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) नीट दाबून क्रिम्प केल्या आणि वर स्लीव्ह. डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड थरथरीने डागाच्या कडेलाच तुटतो, म्हणून डाग टाळले.

एवढं करूनही डावा दिवा मंदच, आणि इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा त्याच तालावर लुकलुकायचा. हे अर्थचं लक्षण. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दिव्याच्या भांड्यामागचा स्क्रू काढला, खाली रंगाचे तीन थर आणि गंज. सँडपेपरने पत्रा चकचकीत केला, स्क्रू घट्ट केला आणि वरून व्हॅसलिन. लुकलुक तिथेच थांबली. परत मोजलं तेव्हा वाटेत हरवणारं व्होल्टेज फक्त 0.3. अंधारात समोरच्या भिंतीवर पडलेला तो पांढरा प्रकाश पाहून खूप समाधान वाटलं.

फॉग लॅम्प अडलेत ते हिशेबावर. 55 वॅटची जोडी म्हणजे नऊ अँपिअर. हेडलाइट, टेल, वायपर, इग्निशन धरून पावसातल्या रात्री एकूण पंचविसाच्या वर जातं. अल्टरनेटरचा 35 अँपिअर हा आकडा इंजिन पळताना, सिग्नलला उभं असताना त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून 35 वॅटचे बल्ब मागवलेत. फॉगच्या रिलेची ट्रिगर वायर (रिले चालू करणारी) पार्किंगच्या सर्किटमधून घेतली आहे, ब्रॅकेट उद्या वेल्डिंगवाल्याकडे. दिवे लागले की आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) बॅटरीचं व्होल्टेज दहा मिनिटं बघणार. 12.6च्या खाली सरकत राहिलं तर फॉग चालू असताना हाय बीम तोडणारा आणखी एक रिले लावेन.