बेदाण्याच्या पाकिटावरचा सांगाडा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या आसपास द्राक्षबागांच्या ओळींमध्ये कागद अंथरलेले दिसायला लागतात. घड कापायचे, कागदावर पसरायचे आणि उन्हात वाळू द्यायचे. आमच्या तासगावकडे बेदाणा शेडमध्ये, सावलीत, जाळीच्या रॅकवर तयार होतो. आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून. म्हणून आपला हिरवा-पिवळा राहतो आणि इथला काळपट पडतो. आता यंत्रं बरीच आली आहेत, पण हातकाम संपलेलं नाही. चाळीस अंशांच्या उन्हात वाकून, भरलेल्या कागदामागे पैसे या हिशोबाने राबणारे बहुतेक मेक्सिकोतून आलेले. बागायतदारांमध्ये पंजाबीही पुष्कळ आहेत, हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

या भागातला सगळ्यात प्रसिद्ध बेदाणा सन-मेडचा. लाल पाकीट, मागे सूर्य, लाल टोपडं घातलेली हसरी मुलगी, हातात द्राक्षांनी भरलेलं तबक. ही मुळात 1912 साली उभी राहिलेली बागायतदारांची सहकारी संस्था. सांगलीकडच्या माणसाला ‘सहकारी’ म्हटलं की घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. पण सभासद कोण? बाग ज्याची, तो. घड कापणारे त्यात नाहीत. आपल्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत बीडहून आलेली ऊसतोडीची जोडपी कधी कुणी पाहिली आहेत का?

हे सगळं डोक्यात आलं ते एका पोस्टरमुळे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका प्रदर्शनात ते लावलं होतं. लांबून पाहिलं तर तेच पाकीट: तोच सूर्य, तेच टोपडं, तीच द्राक्षं. जवळ गेल्यावर टोपड्याखाली कवटी. नावातलं एक अक्षर गाळून ‘सन मॅड’ केलेलं आणि खाली लिहिलेलं, की ही द्राक्षं कीटकनाशकं, कोळीनाशकं, तणनाशकं आणि बुरशीनाशकं वापरून अनैसर्गिकरीत्या पिकवली आहेत. एस्टर हर्नांडेझ या चित्रकर्तीने 1982 साली सिल्कस्क्रीनवर छापलेलं हे चित्र. ती इथून जवळच्या डिनुबा गावची, शेतमजुरांच्या घरातली. आपल्या गावाचं पाणी फवारणीच्या औषधांनी दूषित झालंय, हे तिला सत्तरच्या दशकाच्या शेवटी कळलं. ते पाणी तिच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं प्यायलं होतं, त्यानेच अंघोळी केल्या होत्या.

2010 साली युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले, तेव्हा आमच्याकडे पारावर दुसरा विषय नव्हता. घडात किती अंश, प्रयोगशाळा कोणती, नुकसान कोण भरून देणार. औषध मारणाऱ्या गड्याच्या अंगात किती गेलं, हे विचारताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. एस्टरचं पोस्टर गिऱ्हाइकाला घाबरवतं, हे खरं. पण तो सांगाडा गिऱ्हाइकाचा नाही, मजूर बाईचा आहे.

थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. 1848 च्या तहानंतर मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत आला आणि तिथले लोक आपल्याच गावात परके ठरले. त्यांच्या आणि नंतर आलेल्यांच्या नातवंडांनी 1960 च्या दशकात स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणायला सुरुवात केली. त्याच काळात, 8 सप्टेंबर 1965 रोजी, डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. सुरुवात लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी केली, हे भाषणांत अनेकदा गाळलं जातं. आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. द्राक्षांवर बहिष्कार टाका, असं देशभर सांगायचं होतं आणि हातात पैसे नव्हते.

इथे सिल्कस्क्रीन कामाला आली. लाकडी चौकट, ताणून बसवलेलं कापड, शाई आणि ती ओढायला रबरी पात्याची स्क्वीजी. छापखाना एवढाच, गॅरेजमध्येही मावतो. आपल्याकडे गल्लीबोळात लग्नपत्रिका छापायचे ती हीच स्क्रीन प्रिंटिंग. 1970 साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी युद्धविरोधी पोस्टरं छापली, ती कॉम्प्युटरच्या रद्दी कागदाच्या कोऱ्या बाजूवर!

मी इथे संध्याकाळच्या एका वर्गाला जाते. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि आधीचा रंग वाळल्याशिवाय पुढचा चढवता येत नाही. दुसरा रंग केसभर सरकला तरी चित्राला भुताटकी कड येते. म्हणून रंग दोन-तीनच ठेवायचे, आकार मोठे, अक्षरं ठळक. या पोस्टरांची ती सपाट, अंगावर येणारी शैली मला आधी निव्वळ आवड वाटायची. स्क्वीजी ओढून खांदे भरून आल्यावर तिच्यातली काटकसर दिसायला लागली. रूपर्ट गार्सियाचं 1973 चं ‘हद्दपारी थांबवा’ या मागणीचं पोस्टर बघा: लाल भडक पार्श्वभूमी, काटेरी तार आणि शब्द. माणूस एकही नाही. त्याहून कमीत कुणी काय सांगणार?

सगळेच असे गंभीर नव्हते. सॅक्रामेंटोच्या एका गटाने ‘रिबेल चिकानो आर्ट फ्रंट’ असं नाव घेतलं. त्याची आद्याक्षरं कॅनडाच्या हवाई दलाशी जुळतात असं लोक म्हणायला लागल्यावर या पठ्ठ्यांनी नावच ‘रॉयल चिकानो एअर फोर्स’ करून टाकलं, वैमानिकांसारखे कपडे घातले आणि आमची विमानं कच्च्या विटांची आहेत असं सांगत सुटले. पोस्टरं मात्र शेतमजूर संघटनेसाठी छापत राहिले. गटाच्या संस्थापकांपैकी होसे मोंतोया कवीही होता. त्याचा भाऊ मालाकियास हा तर या पोस्टरकलेतला मोठा माणूस. दोघांचं बालपण मजुरी करणाऱ्या घरात गेलेलं.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात हीच कला एका ख्रिस्ती जोगिणीने रुजवली. सिस्टर कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन पंथाच्या. त्यांनी काही कलाकारांबरोबर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ उभं केलं. तिथे व्हॅनमधून वस्त्यावस्त्यांत कलाशाळा जायची, आणि ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हा मेलेल्यांचा सण रस्त्यावर साजरा व्हायचा. एस्टरच्या सांगाड्याचं कूळही मेक्सिकोचंच. होसे ग्वादालुपे पोसादाच्या स्वस्त छापील चित्रांत हाडांचे सापळे नटूनथटून फिरतात.

आता ही चित्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. 2020 मध्ये तिथे चिकानो मुद्रितचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि करोनामुळे लगेच बंदही झालं. खांबावर चिकटवायला छापलेला कागद काचेमागे गेला म्हणून हळहळणारे आहेत. मला तसं वाटत नाही. खांबावरचे सगळे पावसात गेले. जपून ठेवलेले निदान बघायला मिळतात. खटकतं ते एवढंच, की तिकडे चित्राशेजारी शाईचा प्रकार लिहिलेला असतो आणि मजुरीचा दर नसतो.

एस्टरने 2008 साली त्याच पाकिटावर पुन्हा चित्र केलं, ‘सन रेड’ नावाचं. सांगाडा तोच, पण अंगात मूळनिवासी बायकांचा विपील, म्हणजे सैल झगा, आणि मनगटाला इमिग्रेशन खात्याचं पाळत ठेवणारं यंत्र. खाली ‘हद्दपारीची हमी’ आणि मिश्तेक, सापोतेक, त्रिकी, पुरेपेचा या जमातींची नावं. हे चित्र मी तासगावला काकांना पाठवलं. त्यांनी आधी विचारलं, “तिकडं तोडणीला काय रेट आहे?” मग विचारलं की या बायका बोलतात काय. इथल्या मजुरांतले कितीतरी आता मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातले मिश्तेक आहेत आणि त्यातल्या अनेकांची घरची भाषा स्पॅनिश नाहीच. फ्रेस्नोच्या ‘रेडिओ बिलिंग्वे’वर त्यांच्यासाठी मिश्तेक भाषेतला वेगळा कार्यक्रम लागतो. पन्नास वर्षांपूर्वी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन ओळी छापल्या की भागायचं. आता त्या दोन्ही वाचता न येणारे लोक त्याच वेलींखाली वाकलेले आहेत.