आंबोलीच्या पावसात व्हॅनमधला मुक्काम: खिडक्या बंद करू नका

जुलैत कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोलीला गेलो. मुक्काम आमच्याच जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये, मागच्या सीट काढून पलंग ठोकलेला. हिरण्यकेशी, कावळेसाद या तिथल्या ठिकाणांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. शनिवार-रविवारी धबधब्याकडे फिरकू नका, एवढं सांगतो आणि रात्रीकडे वळतो.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. साहजिकच सगळं गच्च बंद करून झोपावंसं वाटतं. मग पहाटे काचांवर ओघळ, पत्र्याला आतून थेंब, पांघरूण दमट. गाडी गळते असं समजून लोक गॅरेजवाल्याला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा ते पाणी आपल्याच श्वासाचं असतं.

बाहेर धुकं असताना खिडकी उघडली तर ओल आत येणार नाही का? हिशेब बघा. २० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरते. २६ अंशांना तीच २४ ग्रॅम धरू शकते. म्हणजे बाहेरची हवा आत येऊन आपल्या अंगाच्या उबेने तापली की तिला आणखी वाफ उचलता येते. फक्त खालून यायला आणि वरून जायला वाट हवी.

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा. म्हणून तोंड पश्चिमेला करून गाडी लावा आणि आडोशाकडच्या, म्हणजे मागच्या खिडक्या दोन-तीन बोटं उघडा. वर वायझर, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या पट्ट्या, हवेतच. नसतील तर ताडपत्री छतावरून हातभर पुढे काढून खाली ताणून बांधा. चिकटून लोंबली तर पाणी थेट आत. छताला टोपीचा व्हेंट (हवा जायचं झाकलेलं भोक) असेल तर त्याखाली कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. बॅटरीला त्याचा भार नगण्य. जाळी विसरू नका, डास आणि जळवा दोन्ही आहेत.

सरकत्या काचांच्या रुळाला बाहेरून बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की रूळ भरतो आणि पाणी गादीवर येतं. निघण्याआधी तारेने साफ करा. कॅरियरचे बोल्टही सीलंटने बुजवून घ्या, खरी गळती असलीच तर बहुधा तिथेच.

इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं अजिबात नको, विषारी धूर आत येतो. चहाही ताडपत्रीखाली बाहेरच करा. गॅस जळतानाही वाफ होते.