गोलकीपरचे हात नंतर, पाय आधी

सांगलीकडच्या मुरमाड मैदानांवर जमिनीलगतचा चेंडू सगळ्यात दगा देतो. खडा लागला की ऐनवेळी उसळतो. म्हणून नुसतं वाकून हात खाली घालू नका. एक गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ आणा, मधे चेंडू जाईल एवढी फट ठेवू नका, करंगळ्या जुळवून तळवे समोर धरा आणि चेंडू थेट छातीशी ओढा. हात चुकला तरी मागे पाय असतोच.

छातीच्या वरचा चेंडू असेल तर उलट: अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं वर, पसरलेली. अंगठ्यांमधलं अंतर वाढलं की जोरदार फटका सरळ आरपार जातो.

गोल ७.३२ मीटर रुंद. रेषेवर चिकटून उभं राहिलात तर तो झाकणं अवघडच. चेंडू आणि गोलचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर दोन-चार पावलं पुढे या. मात्र समोरचा लाथ मारतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर हवेत, वजन चवड्यांवर. चालता चालता फटका आला की झेप उशिरा निघते.

झेप घेताना कोपरावर पडू नका. पोटरी, मांडी, कंबर, खांदा या क्रमाने कुशीवर या. सराव मुरमावर नको, वाळूत करा.